साहेबाला हार, यांना न्हाई

२ नोव्हें. १९५३, सोमवार. मन्नाएखेळ्ळी

यांना जाऊन सहावं वरीस लागलं, त्यालाबी दीड महिना झाला. मोजत न्हाई म्हणते आणि मोजायलेय.

सकाळी दुकान उघडलं, भिंतीवरच्या दोन्ही फोटोंवरून फडकं फिरवलं. एक यांचा, लग्नातला. दुसरा कॅनडाच्या साहेबाचा, ज्याच्या कारखान्याचे लोखंडी नांगर आम्ही विकतो. यांनीच क्याटलागातून कापून काचेत घातला होता. साहेबाची दाढी पांढरी, डोळे असे की दुकानात कुठंबी जा, पाठ सोडत न्हाईत. यांचे डोळे फोटोवाल्याकडं न्हाईतच. दाराकडं हायेत.

बाराला सोलापूरची बस थांबली. बघायचं न्हाई असं ठरवलं होतं. तिघं उतरले. तिसऱ्याची पाठ बघून उठून उभी राहिले. सस्तापूरचा कुणी होता.

४ नोव्हें.

कोहिनूर गावचे पाटील नांगर बघायला आले. फोटोकडं बोट करून म्हणले, "हे म्हातारं कोण?" मग सांगितलं, यांनी शंभरदा सांगितलेलं. साहेब लोहाराचा पोरगा. विशीत घर सोडून बर्फात गेला. पाच वर्षं कुठं होता, काय खाल्लं, कुणाला ठावं न्हाई. बायकोनं भाता चालू ठेवला. सहाव्या वर्षी, पहिला बर्फ पडायच्या दिवसांत, दारात येऊन उभा राहिला ते नवा नांगर घेऊनच. त्यावर कारखाना, त्यावर जगभर नाव.

"पाच वर्षं घरी चिटोरं न्हाई पाटील, चिटोरं न्हाई." हे असं दोनदा म्हणायचे. माझ्याबी तोंडात दोनदाच आलं. बोलताना मधीच वाटलं, हे मी बोलत न्हाई.  पाटलांनी नांगर घेतला.

७ नोव्हें.

काल लक्ष्मीपूजन. नांगर, घण, ऐरण, सगळ्यांना विभूती लावली. आत्याबाईंनी झेंडूचा मोठा हार साहेबाच्या फोटोला घातला. यांच्या फोटोला फूल न्हाई. आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, हिशोब सरळ हाय, साहेब मेलेला हाय, त्याला हार. आपलं माणूस यायचं हाय, त्याला कामून?

दिवसभर येणारा जाणारा विचारायचा, हे गोरं म्हातारं तुमचं कोण लागतंय? शेवटी आमच्या भट्टीवरचे चाँदसाब मिस्त्री म्हणले, "आज्जा है हमारा." लई हसलो. मग मी एकटीच हसायलेय असं दिसलं, तव्हा थांबले.

१६ नोव्हें., सोमवार

पूजेला आज वेळ लागला. माझं इष्टलिंग तळहातावर, आणि देवळीत खुंटीला यांची चांदीची करडगी, गळ्यातल्या लिंगाची डबी. ज्या सकाळी गेले त्या सकाळी तिथं लटकत होती. भाद्रपद होता, फौज आली ते गडबडीचे दिवस. "सोलापुरातून फाळ घेऊन येतो, चार दिवस," म्हणून गेले. नंतर बघतो तर करडगी खुंटीला. लिंगायत माणूस गळ्यातलं लिंग काढून गेला. आ.बा. (आत्याबाई) तिथंच बसल्या. लोक म्हणले, वाटेत कुणी ओळखू नये म्हणून काढलं असंल. लोक आणखीबी म्हणले, ते लिहीत न्हाई.

दुसऱ्याच्या लिंगाला हात लावू नये. म्हणून खुंटीवरच विभूती लावते, फूल वाहते. पाच वर्षं रोज. पूजेला बसलं की मागं कुणी उभं हाय असं वाटतंय, हात धुवून, आपली पाळी येण्याची वाट बघत.

२४ नोव्हें.

कंपनीचे नवे माणूस आले, हैदराबादहून. रावसाहेब. मूळ उदगीरकडचे, मराठी चांगलं बोलतात. चहा झाला. म्हणले, "बाई, एजन्सी तुमच्या मालकांच्या नावावर आहे. पाच वर्षं सही तुम्ही करताय. वरून विचारणा आलीय."

दोनच वाटा. मालकांनी येऊन सही करावी. न्हाईतर मी लिहून द्यावं की पती मयत, एजन्सी माझ्या नावावर करावी. जानेवारी अखेरपर्यंत. न्हाई झालं तर हुमनाबादचा एक व्यापारी टपून बसलाय, त्याला देतील. मग हे दुकान म्हणजे चार भिंती. मी, आ.बा., मिस्त्री, आम्ही खायचं काय?

रावसाहेब वाईट माणूस न्हाई. जाताना म्हणले, "तुम्ही दुकान चांगलं चालवताय." आजपर्यंत हे कुणी म्हणलं नव्हतं.

२५ नोव्हें.

आ.बा.ना सांगितलं. त्यांनी ताट सारलं. "माझ्या लेकाला जित्तेपणी मारायलीस व्हय? कागदावर?"  मलाबी तेच वाटत होतं, पण त्यांनी म्हणलं म्हणून राग आला.

३ डिसें.

बाराची बस. कुणी न्हाई. तरी दुकानात यांची खुर्ची सरकल्यासारखा आवाज. मिस्त्रींनी भाता थांबवून वळून बघितलं. मग परत भाता चालू.

११ डिसें.

रावसाहेब परत आले. आज मी धीर केला. यांचं इंग्रजी क्याटलाग पुढं ठेवलं, पहिल्या चार पानांत साहेबाचं चरित्र हाय. म्हणले, "एवढं वाचून सांगा. सहाव्या वर्षी साहेब आला तो महिना कोणचा?" पहिला बर्फ कव्हा पडतोय तिकडं, आपल्या दिवाळीला का संक्रांतीला, एवढंच पाहिजे होतं. हेबी तव्हाच येतील असं मनात धरलेलं, तोवर तारीख लांबवून मागणार होते.

रावसाहेब ओळीवर बोट ठेवून सांगत गेले. लोहाराचा पोरगा, खरं. बापाच्या भट्टीवर पहिला नांगर, खरं. लग्न, चार लेकरं, मोठी आग, परत उभारणी.

"पाच वर्षं कुठं गेला ते?"

"कुठं गेला? कुठंच नाही गेला, बाई. इथं तर लिहिलंय की जन्मला त्याच गावात मेला. बायको आधी गेली. तिच्याशेजारीच पुरलंय."

परत वाचायला लावलं. परत तेच. पान उलटून बघितलं, चिकटलंय का म्हणून.

१२ डिसें.

मिस्त्रींना विचारलं. ते यांच्याबरोबर सुरुवातीपासून हायेत. "अण्णा ती बर्फाची गोष्ट कव्हापासून सांगायचे?"

घण खाली ठेवला.  मग म्हणले, "अक्का, पैले नै बोलते थे. पैले सिर्फ भट्टी, आग, कारखाना. वो बरफ का किस्सा... जिस साल गये, उसी साल. शिवरात के बाद."

शिवरातीपासून भाद्रपदापर्यंत सहा महिने. गिऱ्हाइकाला सांगायचे, पण मी आत चहा करत असले की आवाज मोठा करायचे. "बायकोनं भाता चालू ठेवला." मला ऐकवायचे. मी कौतुकानं ऐकायचे. किती येडी मी.

१३ डिसें.

साहेबाचा फोटो उलटा केला. तासाभरानं सुलटा केला. त्याचा काय दोष? तो बिचारा गाव सोडून गेलाबी न्हाई.

पण मग हे कामून गेले? भांडण न्हाई. बाई? माहीत न्हाई. भीती? त्या साली ज्यांना भ्यावं लागलं अशी माणसं लई होती. का खरंच फाळ आणायला गेले आणि वाटेत... आणि गोष्ट आपली अशीच, गिऱ्हाइकाला आवडायची म्हणून? दोन्ही खरं असू शकतंय. हेच जीव खातंय.

२१ डिसें., सोमवार

मठाचे अय्या, आमचे जंगम, आले होते. आ.बा.नीच बोलावलं. म्हणजे त्याबी आतून हलल्यात. अय्या म्हणले, देह मिळत न्हाई तर लिंगच प्राण. खड्डा घ्यायचा, करडगीतलं लिंग बसवायचं, विभूती घालून झाकायचं. माणूस लिंगैक्य झाला. मग कागद खुशाल लिहा, खोटं न्हाई ते.

आ.बा. लई येळ खुंटीकडं बघत होत्या. "येळवस होऊ द्या," म्हणल्या. साहेबाच्या गोष्टीचं त्यांना सांगितलेलं न्हाई.

५ जाने. १९५४

काल येळवस झाली, मार्गशीर्षातली अमोशा. दरसालसारखं रानात गेलो. कडब्याची खोप, पाच दगडांना चुना, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. आ.बा.नी एका पानावर वाढून वेगळं ठेवलं, दरसाल ठेवतात. यंदा वाढताना आंबील सांडली.

जेवण चालू असताना खोपीच्या मागं कडबा वाजला. मोठं जनावर असंल तसा. मी उठले, वळसा घालून गेले. कुणी न्हाई. तूर उभी, वारा न्हाई. म्हणले, "असाल तर या पुढं." म्हणल्यावर लाज वाटली. ऐकून घ्यायला कुणी असतं तर बरं झालं असतं.

११ जाने., सोमवार

लिहायला पाहिजे, न्हाईतर उद्या वाटंल स्वप्न होतं.

मळ्याच्या कडंला खड्डा घेतला होता. मिस्त्रींनीच खोदला. म्हणले, दुसरा कुणी नको. विभूती, बेलपान, पांढरं कापड तयार. अय्यांनी देवळीतून करडगी उतरवली. पाच वर्षांत पहिल्यांदा कुणी हात लावला. उतरवली आणि थबकले. तळहातावर वरखाली केली. मग झाकण उघडलं.

आत कापूस. अय्यांनी बोटानं उचलला. खाली चांदी.

आ.बा. म्हणल्या, "काय झालं? काय झालं ते सांगा की."

अय्या हळू बोलले. "लिंग न्हाई यात. संगट नेलंय. कापडात बांधून गळ्यात घातलं असंल. चांदी तेवढी ठेवली घरात."

पाच वर्षं मी रिकाम्या डबीला फूल वाहिलं. हात लावू नये म्हणून लावला न्हाई. हे त्यांना पक्कं ठावं होतं, मी लावणार न्हाई. आ.बा.बी न्हाई.

अय्या म्हणले, आता लिंगैक्य म्हणता यायचं न्हाई. लिंग अंगावर असलेला माणूस, जित्ता का मेला, मी कसं सांगू? खड्डा तसाच बुजवला. मिस्त्री माती लोटताना तोंड फिरवून होते.

राग आला. रडू न्हाई. आणि लाज वाटती लिहायला, पण रागाखाली बरंबी वाटलं. लिंग घेऊन गेले म्हणजे जगायला गेले असतील. मरायला जाणारा चांदी काढून ठेवत न्हाई. आमच्या पोटाला व्हावी म्हणूनच ठेवली असंल.

मग परत राग.

१३ जाने.

भोगी. भाकरी कुणी खाल्ली न्हाई. बर्फाची गोष्ट खोटी होती ते आ.बा.ना सांगून टाकलं. म्हणल्या, "ठावं हाय. त्याच्या बापाचीबी अशीच जीभ होती." आणि भिंतीकडं तोंड करून निजल्या.

१५ जाने.

सकाळी उठून बघते तर आ.बा. दुकानात, यांच्या खुर्चीत. त्या खुर्चीत कुणी बसत न्हाई.

"लिही," म्हणल्या.

"काय लिहू?"

"मेला म्हणून लिही. माझं पोर मेलं. आईला पाच वर्सं चिटोरं धाडत न्हाई ते पोर जित्तं असून काय करायचंय?" आवाज साफ होता. मग, "आन् जित्ता असला तर त्याला कागदानं काय व्हायचंय? तुला व्हईल. दुकान ऱ्हाईल."

मी म्हणले, मग कुंकू? त्या माझ्या कपाळाकडं बघत राहिल्या. म्हणल्या, "ते आज न्हाई. संक्रांतीची कर हाय आज."

१६ जाने.

लिहिलं. रावसाहेबांनी दिलेला मजकूर होता तोच, खाली कार्बन घालून. यांचं नाव लिहायला लागलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आज. पहिलं अक्षर काढताना मागं कुणी तरी श्वास धरल्यासारखं झालं, मी वळले न्हाई. पुरं नाव लिहिलं. मयत लिहिलं. साल लिहिलं. आ.बा. शेजारी बसून बोटाकडं बघत होत्या. त्यांना वाचता येत न्हाई.

बाराच्या बसच्या कंडक्टरकडं पाकीट दिलं, हैदराबादच्या हापिसात पोचवा म्हणून. आज कोण उतरलं ते बघितलं न्हाई. खरंच न्हाई बघितलं.

दुपारी नक्कल फायलीत लावताना वाचली. मजकूर सगळा बरोबर. खाली माझी सही.

सौ. निलम्मा.

कव्हा लिहिलं? कुणी लिहवलं? मिस्त्रींना हाक मारणार होते, बस गाठता येईल का म्हणून. पण ती तोवर झहिराबादच्याबी पुढं गेली असंल. आ.बा. आतून विचारायल्यात, "पोचंल न्हव का नीट?" पोचंल म्हणलं.

दुसरा कागद काढून पुढं ठेवलाय. वर तारीख घातली. पुढं हात चालत न्हाई. हापिसात कुणी तरी वाचून विचारंलच, बाई, वरचं मयत खरं का खालचं सौ.?