कढईवर कुणाचं नाव

प्रिय संघप्रिया,

तू प्रसेनजितबरोबर राहायला जाणार म्हणालीस, तेव्हा मी लग्नाचं सोडून भांड्यांचं विचारलं, म्हणून किती हसलीस. "आई, फ्रिजवर नाव घालून घेऊ का?" हसू नकोस. तुझ्या पगारातून आलेल्या वस्तूची पावती तुझ्याच नावाची असू दे. तो पोरगा वाईट आहे असं नाही. तुझे बाबा तरी कुठं वाईट होते?

अंगणवाडीत खिचडी शिजवून मी एकेक भांडं घेतलं आणि तालुक्याला वाशीच्या बाजारात प्रत्येकावर त्यांचंच नाव घालून आणलं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. घासताना नावाच्या त्या कोरलेल्या ठिपक्यांवरून बोट फिरवायची, तशी अक्षरं लागली. मी पहिला शब्द वाचला तो 'बुद्धघोष'. पुढं मिळेल ते वाचत गेले. तुझे बाबा गेल्यावर तुझे काका टेम्पो घेऊन आले. पातेलं माझ्यापुढं धरून म्हणाले, "वहिनी, तुम्हाला तर वाचता येतं. वाचा की कुणाचं नाव हाय." मी वाचलं. खोटं कसं वाचू? सगळी भांडी टेम्पोत गेली; तांब्या तेवढा शेतात होता, म्हणून राहिला.

परवा तुझ्या डब्यांवर तुझं नाव घातलं. मग माझी नवी कढई पुढं केली. नाव घालणारा म्हणाला, "मावशी, सांगा की लवकर, कुणाचं घालू?" मी कढई उचलली. तशीच परत आणली.

फोनवर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहिते. येडशीचे व्यंकटराव, ज्यांच्याकडची पुस्तकं मी आणते, त्यांनी मला त्यांच्या घरी कायमचं राहायला बोलावलंय. बायको जाऊन त्यांनाही बरीच वर्षं झाली. मला जावंसं वाटतं. पण कढईवर 'मथुराबाई' घातलं, तर त्यांना वाटेल ही येतानाच वाटणी करून आली. न घालावं, तर तो टेम्पो दिसतो. आणि तांब्या? त्यावरचं तुझ्या बाबांचं नाव दुसऱ्याच्या माठावर कसं ठेवू? मागं ठेवायचा, तर कुणापाशी? मला काही म्हणता काही कळेना झालंय. तुला राग आला तरी कळव. तोवर कढई बिननावाची आहे, आणि पाणी मी तांब्यानंच पिते.

तुझीच, गोंधळलेली
आई