दुसरी साक्ष

शिरवणे, ३ फेब्रुवारी २०२४

चि. हिरामण यास पुतळाबायचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मी रडले की तुला काही कळत नाही म्हणतोस, म्हणून लिहिते. तुझा भाचा तेजस या कागदाचा फोटो तुला मस्कतला पाठवेल. आयने चार दिवस अन्न सोडलंय. ज्यांना भेटायचंय त्यांना बोलवा, असं डॉक्टर म्हणाले. तू अरबी शिकायला निघालास तेव्हा सगळा गाव हसला होता आणि हीच आय मिठागरावर सगळ्यांशी भांडली होती. लगेच नीघ.

तुझी, पुतळाबाय

मस्कत, ४ फेब्रुवारी

ती. पुतळाबायस हिरामणचा सा. न. वि. वि.

बाय, रागावू नकोस, पण तू दोनदा असंच लिहिलंस. कैरोहून धावत आलो, तर आय दारात जवळा निवडत बसलेली. दमास्कसची कागदपत्रं अर्धी टाकून आलो, तर गावात जत्रा होती. पुढे तिथे युद्ध पेटलं आणि ते कागद पुन्हा हाती लागले नाहीत. माझं अर्धं पुस्तक तिथेच राहिलं. चाळीस वर्षं अरबांचा इतिहास लिहिताना मी एकच नेम पाळला. एका साक्षीवर भरवसा ठेवायचा नाही. तेजसला स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहायला सांग. इथलं काम गुरुवारी संपतंय.

माया कमी करू नकोस.
हिरामण

शिरवणे, ५ फेब्रुवारी

चि. हिरामण यास आशीर्वाद.

तेजस ट्रकचं काम घेऊन कळंबोलीला गेलाय, संध्याकाळी येईल. तुझं पत्र मी आयला वाचून दाखवलं. ती हसली. म्हणाली, "त्याला दोन साक्षी लागतान ना? मंग माजा आंगठा लाव." शाई नव्हती, काजळ लावलं. हात मीच धरला होता.

मागची दोन्ही पत्रं तिनेच लिहवून घेतली होती रे. तिला तुला बघायचं होतं. मी खोटी ठरले तरी बोलले नाही.

पुतळाबाय

मस्कत विमानतळ, ६ फेब्रुवारी

ती. पुतळाबायस सा. न. वि. वि.

काल अंगठा पाहिला आणि तिकीट काढलं. प्रवास फक्त तीन तासांचा आहे, बाय. मी तीन दिवस घालवले.

आत्ता तेजसच्या दोन ओळी आल्या, मी मागितल्या होत्या तशाच, त्याच्या हातच्या. "आजी पहाटे गेली, मामा. तुमची वाट बघत होती."

मी दुपारपर्यंत पोचतो. तोवर तिला नेऊ नका. हिरामण निघालाय, एवढं तिच्या कानात सांग. माझ्या शब्दाला तिने कधी दुसरी साक्ष मागितली नाही.

तुझा, हिरामण