झाकलेलं ताट

सांगली, मे १९४७, शनिवार

माझीच मला लाज वाटते आहे. रत्नागिरीचा समुद्र बघून परतताना, दिवस मावळायच्या आत जेवायला येतो, असं आदगोंडाला कळवलं होतं. वाट वाकडी करून खिद्रापूरच्या देवळातले कोरीव खांब बघत रमलो आणि अंधारात पोचलो. दोन ताटं झाकलेली. तो माझ्यासाठी थांबलेला. जैन माणूस, आता सकाळपर्यंत अन्न नाही. शाळेपासूनचा मित्र, मला ठाऊक नव्हतं?

"तू जेव रं गड्या."

मी जेवलोही! त्याचं ताट तसंच झाकलेलं. "समुद्र कसा हाय?" त्यानं विचारलं, तर घास घेता घेता तिथला सूर्यास्त रंगवून सांगत बसलो.

तो हसला. "हितं बी लय झ्याक मावळला. दारात बसून बघत हुतो, तुझ्या वाटंकडं."