रोख की ज्वारी

आबा, परवा तुमच्या नातवाला पगारवाढीचं पत्र आलं. त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, सुनेनं शिरा केला, आणि मी विचारू नये ते विचारून बसले, की या वाढलेल्या पैशात आजच्या भावानं ज्वारी किती येईल. पोरगा हसला. सून म्हणाली, आई, आपण महिन्याला ज्वारी खातो तरी केवढी. तिचं खरंच आहे. पण माझी ही खोड जुनी आहे. मी मास्तरीण असताना जेव्हा जेव्हा पगार वाढला, तेव्हा पहिलं काय केलं असेल तर बाजारातून ज्वारीचं एक पोतं घरी आणून टाकलं, मग घरात ठेवायला जागा असो नसो. तुमचे जावई करवादायचे, पोरकिडे होतात म्हणायचे, आणि होतही होते. त्याचं कारण कुणाला सांगितलं नाही. आज ते तुम्हाला सांगायला बसले आहे, आणि तुम्हाला तर साधी सहीसुद्धा येत नव्हती.

शेटजींच्या हळदीच्या पेवांवर तुम्ही कामाला होता. हरिपुरात तेव्हा जिकडे तिकडे जमिनीखाली पेवं होती. तोंड एवढं अरुंद की एक माणूस जेमतेम उतरेल, आणि आत खोलीएवढी जागा. हळद भरून तोंड माती लिंपून बंद केलं की ती वर्षं न् वर्षं तशीच राहायची. उघडताना मात्र जपावं लागायचं, कारण आत कोंडलेली हवा माणसाला मिनिटात आडवं करते. तोंड मोकळं करून दिवसभर तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील तेवत राहिला तर माणूस उतरवायचा, विझला तर पुन्हा थांबायचं. हे ठरवणारे तुम्ही. मुनीम कितीही घाई करू दे, तुम्ही पेवाच्या तोंडाशी उकिडवे बसून राहायचा आणि म्हणायचा, "दिवा सांगंल तवा." सगळ्या हरिपुरात तुमच्या हातून माणूस दगावला नव्हता, आणि याचा मला शाळेत पहिल्या नंबराने पास होण्यापेक्षा जास्त तोरा होता.

पगार बेताचाच, पण त्याच्याबरोबर वर्षाची ज्वारी मिळायची. ती शेटजींच्या पेढीची जुनी चाल होती. फाल्गुनात नवी ज्वारी आली की कामावरची माणसं सांगलीला शेटजींच्या घरी जायची, मागच्या दारानं आत, आणि आपापली पोती मापून घ्यायची. तुम्ही दोन-तीन खेपा करायचा. मी मोठी झाले तशी माझ्याही डोक्यावर एक लहान पोतं यायला लागलं. चिंचेच्या झाडांखालून हरिपूरपर्यंत तुमच्या मागून चालताना मला त्याचं काही वाटत नसे. मग मी सांगलीच्या मुलींच्या शाळेत जायला लागले आणि शेटजींची मुलगी माझ्याच वर्गात निघाली. त्या वर्षी मागच्या दारातून बाहेर पडताना ती समोर उभी होती. मी घरी आले, पोतं टाकलं आणि तुम्हाला सांगितलं, की ती सगळ्या वर्गासमोर म्हणाली, हिच्या घरची चूल आमच्या ज्वारीवर पेटते. पुढच्या वर्षी मी पोतं आणायला येणार नाही, आणि तुम्हीही गेलात तर मी शाळेचं तोंड बघणार नाही, असं बरंच काही बोलले. आई भाकरी थापत होती, ती मला उलथनं दाखवून गप बस म्हणाली. तुम्ही हात धुऊन जेवायला बसलात.

मग दिवाळी आली. लढाई चालू होती, रॉकेल मिळेनासं झालं होतं, कापडाला रांगा लागत होत्या आणि जो तो पगार वाढवून मागत होता. पाडव्याला वहीपूजन झाल्यावर शेटजींनी पेवांवरच्या पाचही जणांना समोर बसवून विचारलं, की महिन्याला चार रुपये वाढ रोख घेता, की आहे तो पगार आणि ज्वारी चालू ठेवता. दोन्ही जमायचं नाही. चौघांनी ज्वारी म्हटलं. तुम्ही रोख म्हणालात. घरी येऊन ते सांगितलंत तेव्हा आई क्षणभर तुमच्याकडे बघतच राहिली. पण कणगीत मागच्या फाल्गुनाची ज्वारी अजून होती, वर चार रुपये येणार होते, म्हणून तीही फार बोलली नाही. पहिल्या वाढीव पगारातून तुम्ही मला चपला आणल्यात. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या. मी त्या घालून अंगणात फिरत होते आणि तुम्ही हळूच, आईला ऐकू जाणार नाही असं म्हणालात, "आता तुला मागल्या दारानं जायाला नगं, पोरी." मला तेव्हाच सगळं कळलं. वाईट वाटायला हवं होतं, पण खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

ते चार महिने आपलं घर किती सुखात होतं. दर सोमवारी बाजारातून काहीतरी यायचं, आईला लुगडं झालं, तुम्ही स्वतःसाठी नवी तंबाखूची पिशवी शिवून घेतलीत. मग फाल्गुनात ते चौघे पोती घेऊन आले आणि आपल्या कणगीचा तळ दिसायला लागला. बाजारात ज्वारी घ्यायला गेलात तर भाव ऐकून मोकळी पिशवी घेऊन परत आलात. दुकानदार आणखी चढेल म्हणत होता, आणि पुढच्या बाजारी चढलाच. चार रुपये तेच राहिले, आणि त्यात येणारी ज्वारी दर महिन्याला कमी होत गेली. आईनं आधी दूध बंद केलं, मग भाकरी पातळ थापायला लागली, मग स्वतःची भूक मेली म्हणून सांगायला लागली. एका संध्याकाळी तुम्ही म्हणालात, पगार तर वाढलाय की. त्यावर ती तव्यावरून मान न उचलता म्हणाली, "आवं, मग रुपय भाजून वाढू का पोरांला?" तिचा आवाज चढलेला नव्हता. तुम्ही ताटावरून उठला नाहीत, पण पुढचा घासही घेतला नाहीत. मी माझी भाकरी खाली मान घालून खात राहिले.

त्यानंतर तुम्ही पेवात उतरायला लागलात. उतरून हळद भरून देणाऱ्याला पेवामागे वेगळी मजुरी असायची, आणि ते काम तरण्या गड्यांचं. तुम्ही वर बसून दिवा बघणारे. पन्नाशीला आलेला माणूस कमरेला दोरी बांधून उतरतोय म्हटल्यावर गडी हसायचे. तुम्हीही त्यांच्याबरोबर हसायचा, आणि घरी आलात की खोकत राहायचा.

नवरात्राच्या आधीचा तो रविवार मला अजून जसाच्या तसा दिसतो. मी भाकरी घेऊन पेवावर आले आहे. लढाईमुळं रेल्वेचे डबे मिळत नाहीत, आणि नेमका त्या दिवशी एक डबा शेटजींच्या नावावर लागला आहे. दुपारपर्यंत भरला नाही तर दुसऱ्या कुणाला तरी जाईल. एक पेव रिकामं झालं आहे, हळद कमी पडते आहे. मुनीम दुसऱ्या पेवाकडे बोट दाखवतो, ते सकाळीच फोडलेलं. जो उतरेल त्याला दुप्पट मजुरी, असं तो म्हणतो. गडी एकमेकांकडे बघतात आणि तुमच्याकडे बघतात. तुम्ही कंदील सोडता. दोरी चार हात जाते आणि ज्योत बारीक होते, मग दिसेनाशी होते. तुम्ही तो वर ओढून घेता, पेटवता, पुन्हा सोडता. पुन्हा विझतो. मी तुमच्या तोंडाकडे बघते आहे, कारण आता तुम्ही ते नेहमीचं वाक्य म्हणणार. तुम्ही म्हणता, "वाऱ्यानं इझला आसंल." आबा, त्या दिवशी पान हलत नव्हतं. कमरेला दोरी बांधताना तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत आणि लगेच नजर काढून घेतलीत.

मी ओरडायला हवं होतं. पण दुप्पट मजुरी हे शब्द मीही ऐकले होते, आणि घरची कणगी मलाही दिसत होती. तुम्ही आत गेलात. पाटी वर यायची वाट बघत सगळे थांबले. एका गड्यानं हाक मारली, उत्तर नाही. त्यानं दोरी हलवून बघितली, ती सैल लागली, आणि मग चौघांनी मिळून ओढायला सुरुवात केली. तुमचं डोकं पेवाच्या तोंडाला आपटलं तरी तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. बाहेर काढून आडवं केलं, तेव्हा ओठ काळेनिळे पडले होते आणि अंग सगळं पिवळं. ते ओढणारे चौघे तेच, ज्यांनी ज्वारी म्हटलं होतं. किती वेळानं तुम्ही श्वास घेतलात ते मला सांगता येणार नाही. डोळे उघडलेत, मला शोधलंत, आणि म्हणालात, "आईला सांगू नगंस." डबा त्या दिवशी दुसऱ्या पेढीला गेला. दुप्पट मजुरी मिळाली नाही. तुम्ही पुन्हा कधी उतरला नाहीत, आणि दिवा बघायचं कामही मुनीमानं हळूहळू दुसऱ्याकडे दिलं.

पुढच्या पाडव्याला तुम्ही शेटजींकडे गेलात आणि ज्वारी परत सुरू करा म्हणून विनवलंत. ते म्हणाले, रोख तूच मागितलीस, आता मागं जाता यायचं नाही. हवे तर आणखी दोन रुपये घे. ते दोन रुपये हातात पडेपर्यंत भाव पुढं निघून गेला होता. वाढ बैलगाडीतून येत होती आणि महागाई मोटारीतून. पुढंही तसंच चाललं. मी शिकले, सातवी पास झाले, नोकरीला लागले, म्हणून घर तरलं, धाकटे भाऊ मोठे झाले. तुम्ही मात्र स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्याच थंडीत गेलात, दम्यानं. डॉक्टर हळदीची धूळ म्हणाले. मी त्यांना पेवाचं काही सांगितलं नाही.

आई तुमच्यामागं खूप वर्षं जगली. पाडवा आला की ती गोष्ट निघायचीच. शेजारणींना, सुनांना, पुढं नातसुनांनाही ती सांगायची, की आमचे हे माणूस लाखाचे, पण रोख पैसा बघितला आणि भुलले; चार जण शहाणे निघाले आणि आमचेच तेवढे भोळे. सांगताना हसायची आणि मग पदर डोळ्यांना लावायची. मी तिथंच असायचे, शेंगा सोलत नाहीतर तांदूळ निवडत. तुम्ही भुलला नव्हता, हे मला एकटीला ठाऊक होतं. एक वाक्य बोलले असते तर तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या आणि तुम्हाला माफ केलं असतं. ती गेली तेव्हाही मी उशाशी होते, आणि तेव्हाही बोलले नाही.

हे पत्र घडी करून ज्वारीच्या डब्यात ठेवणार आहे, सून तिकडे हात घालत नाही. पण एक राहिलंच. शेटजींची मुलगी वर्गात तसं काही म्हणाली नव्हती, आबा. कधीच नाही. मला पोतं उचलायची लाज वाटत होती, आणि नुसती लाज वाटते म्हटलं तर तुम्ही ऐकणार नाही असं वाटलं, म्हणून मी ते रचून सांगितलं. त्या दिवशी मागच्या दारात ती पुढं झाली होती, पोत्याचं एक टोक धरून तिनं ते माझ्या डोक्यावर चढवायला हात लावला होता, आणि जड आहे का गं, एवढंच विचारलं होतं.