अचानक भेटीची आगाऊ सूचना

तीर्थरूप काका,

खळीचे हात धुऊन, पुसून, वाळवून मगच नमस्कार करतो आहे, तेव्हा तो निःसंकोच स्वीकारावा. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि लेकीच्या घरी तुम्ही पथ्य पाळता आहात (हे ताईने सांगितलं, माझा विश्वास नाही), हे कळून बरं वाटलं. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. फोन केला असता, पण फोनवर मला उचकी लागते. बाइंडिंगचं दुकान ठीक आहे. मी ठीक नाही.

कारण असं की, तुमचा पुतण्या सध्या पोलिसांवर लक्ष ठेवतो आहे. हसू नका, डोळ्याला ताण पडेल. पोलिसांवरच्या तक्रारी तपासायला शहराने नागरिकांची स्वतंत्र समिती नेमली, तीत एक जागा चिठ्ठ्या टाकून भरायची होती, आणि चिठ्ठी माझी निघाली. (समोरून पोलीस आला की मी रस्ता ओलांडतो, आणि पलीकडेही पोलीस असला तर परत इकडे येतो. अर्जात ‘पोलिसांशी संबंध’ या रकान्यात मी खरं तेच लिहिलं होतं: अंतर राखून.) अध्यक्ष आहेत एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. दुसरे दातांचे डॉक्टर. तिसरा सातवी पास मी.

पहिलीच तक्रार एका सायकल दुरुस्त करणाऱ्या बाईंची. दुकानापुढच्या सायकली हलवण्यावरून त्या चौकीच्या साहेबांना उलट बोलल्या, म्हणून त्यांना दिवसभर कोठडीत बसवून ठेवलं. चौकी म्हणते, ही बाई इथे आलीच नाही, नोंदवहीत नाव दाखवा. पुढच्या शुक्रवारपर्यंत पुरावा मिळाला नाही तर तक्रार खोटी ठरणार आणि बाईंच्या दुकानाचा परवाना जाणार. डॉक्टर म्हणतात पुरावा नाही, मोठ्या बाई म्हणतात ती खोटं बोलत नाही, आणि मग दोघंही माझ्याकडे बघतात.

सदस्याला कुठल्याही चौकीला अचानक भेट देता येते. पण न कळवता कुणाच्या दारात उभं राहणं मला प्रशस्त वाटेना. म्हणून तीन दिवस आधी मी रीतसर पत्र दिलं: मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता मी आपल्याकडे अचानक येत आहे, कृपया गैरसोय करून घेऊ नये. वर पोचही घेतली. ती मोठ्या बाईंना कौतुकाने दाखवली, तर त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि बराच वेळ परत घातलाच नाही.

मंगळवारी गेलो तर चौकी नवरीसारखी नटलेली. दारावर फलक: ‘अचानक भेटीनिमित्त हार्दिक स्वागत’. बाकावर बसलो, आणि बाक ओला हिरवा होता हे उठल्यावर मला, माझ्या सदऱ्याला आणि पँटला एकदमच कळलं. कोठडीत एकच माणूस, वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होता. काही तक्रार आहे का, असं मी विचारलं. तो गजांजवळ आला आणि कुजबुजला, “साहेब, मी इथला माळी. दहालाच आणून बसवलंय. जरा लवकर आटपा, कुंड्या वाळतायत.”

मग साहेबांनी हसत नोंदवही पुढे सरकवली. “बघा, बघा, पान न् पान बघा.” काका, मी नावं वाचलीच नाहीत. आधी वहीची पाठ चाचपली, मग जुज, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचे गठ्ठे, मोजले. प्रत्येक जुजात आठ पानं, तिसऱ्यात सात. एकच कागद दुमडून दोन पानं होतात, त्यातलं एक फाडलं की त्याचा जोडीदार सुटतो. इथे त्या सुट्या जोडीदाराला पातळ पट्टी लावून पुन्हा शिवलं होतं. (शिवण मात्र अप्रतिम. नखाला लागत नव्हती.) मी उचक्या देत म्हणालो, “साहेब, एक पान गेलंय.” तारखा जुळवल्या, तर बाईंच्याच दिवसाचं. साहेबांचा चेहरा बाकासारखा झाला.

त्याच दुपारी बैठकीत मोठ्या बाईंनी माझी पाठ थोपटली आणि हात हिरवा करून घेतला. पण डॉक्टर म्हणाले, “पान गेलं, कबूल. त्यावर बाईंचं नाव होतं कशावरून? पान आणा.”

असो. थेंब वेळेवर घालावेत. ताईला नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (आणि मागून हिरवा)
पुतण्या

ता. क. ती पट्टी मीच लावली होती. आपल्या दुकानाची गाठ मी बघताक्षणी ओळखली. दोन महिन्यांपूर्वी एक हवालदार ती वही घेऊन आला, सुटं पान माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, “हे खराब झालंय, टाकून दे. बाकीचं घट्ट शीव.” मी वाचलं नाही. गिऱ्हाईकाचा कागद शिवायचा, वाचायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मोठ्या बाईंना सगळं सांगून टाकलं. पुढच्या शुक्रवारी मी समितीच्या खुर्चीवरून उठून साक्षीदाराच्या स्टुलावर बसेन.

दुसरा ता. क. पान टाकलेलं नाही. जाड कागद टाकायचा नाही, पुठ्ठ्याला अस्तर म्हणून लावायचा, हेही तुमचंच शिकवणं. रक्तदाबाचे आकडे लिहायला तुम्हाला जी वही बांधून दिली, तिच्या मागच्या पुठ्ठ्यात ते आहे. वही ताबडतोब ताईच्या हाती मोठ्या बाईंकडे पोचवा. स्वतः सोलून बघू नका (मी तुम्हाला ओळखतो), ते समितीसमोरच सोलायचं आहे. तुमचे आकडे मी नव्या वहीत सुवाच्य उतरवून देईन.

तिसरा ता. क. ताबडतोब म्हणजे शनिवारीच. हवालदार आज दुकानात येऊन पानाबद्दल विचारत होता. मला खोटं बोलता येत नाही. त्याला रविवारी सुट्टी असते, म्हणून त्याने तुमचा पत्ता मागितला आणि मी स्वच्छ अक्षरात, बसथांब्यापासूनच्या खुणांसकट, लिहून दिला. फक्त मजला लिहिला नाही. तेवढं मात्र मुद्दाम केलं. मजले अकरा आहेत, आणि ताई म्हणते लिफ्ट बंद आहे.