कंट्रोल एस साहेबांना दिल्याबद्दल

तीर्थस्वरूप मामांना,

खुर्चीवरून उठून, पायात अडकलेली माउसची वायर सोडवून, जमेल तेवढं वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला आणि मामींचा राग, दोन्ही उतारावर असतील अशी आशा करतो. दुकानातल्या नळ-तोट्या खपत असतीलच. मी खुशाल आहे, निदान हे वाक्य लिहीपर्यंत तरी होतो. जेवणाची सुट्टी आहे, सगळे खाली गेलेत, म्हणून ऑफिसातच बसून पत्र टाइप करतोय. पडद्यावर वाचलं की तुमच्या डोळ्यांना पाणी येतं, तेव्हा छापून, पाकिटात घालून आजच कुणाच्या तरी हाती पाठवीन.

मागच्या पत्रात तुम्ही नेहमीप्रमाणे एकच प्रश्न विचारलात, कायम झालास का? मामा, त्याचा निकाल उद्या आहे. साहेबांनी कागदावर सही केली तर मी कायम, नाही केली तर बाडबिस्तारा उचलून थेट तुमच्या दुकानात. (मागच्या खेपेला दुकान सांभाळताना मी गरम पाण्याच्या तोट्यांना निळी टिकली आणि गारच्या तोट्यांना लाल टिकली लावली होती, आणि मामी अजून आल्यागेल्याला ते सांगतात, हे मी विसरलेलो नाही.) तेव्हा ही सही माझ्याइतकीच तुम्हालाही हवी आहे, असं मी धरून चालतो. साहेबांनी मला घेतलं तेही तुमच्याच शब्दाखातर. तुम्ही दोघं शाळेत एका बाकावरचे. (साहेब गणिताच्या पेपरात शेवटपर्यंत तुमचंच उतरवायचे, हे तुम्ही मला खासगीत सांगितलंत ते मी पोटातच ठेवलंय. ऑफिसात कुणाला वाससुद्धा लागू दिलेला नाही.)

आता झालं काय ते सांगतो. आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. (आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.) मला काम मिळालं ते असं, की सगळ्या ऑफिसाने पत्रं, तक्रारी, अंदाजपत्रकं ज्यात लिहायची तो प्रोग्राम करायचा. केला. चांगला झाला. राहिले होते फक्त शॉर्टकट. म्हणजे माउस फिरवत बसण्यापेक्षा दोन कळा एकदम दाबल्या की काम होतं, ती सोय. दुपारभराचं काम होतं हो. पण मला शहाणपणा सुचला आणि मी फलकावर नोटीस लावली, की कुणाला कुठली कळ हवी ते कळवावे. जमिनीचे तुकडे फुकट मिळणार आहेत असं लिहिलं असतं तरी एवढे लोक धावले नसते.

कीबोर्डाच्या वरच्या ओळीत एफच्या बारा कळा असतात, त्यातली पहिली साहेबांसाठी राखलेली, आणि आमच्याकडे तेरा विभागप्रमुख आहेत. इथेच मी ओळखायला हवं होतं. बैठका बसल्या. हिशेबनीस आणि विक्रीप्रमुख एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून त्यांच्या कळा शेजारी नकोत. शेवटी एफ चार आणि एफ पाच यांच्यामध्ये बोटभर फट असते, तिच्या अल्याड एक आणि पल्याड एक असे दोघांना बसवलं. ज्या दोघांना एफची कळ उरली नाही त्यांतल्या एकांना स्क्रोल लॉक दिली. ती कुणीच वापरत नाही, पण तिला दिवा लागतो म्हटल्यावर ते बढती मिळाल्यासारखे खूश झाले. दुसरे अजून रजेवर आहेत.

मग आले साहेब. त्यांना मानाने एफ एक देऊ केली. पण एफ एक दाबली की मदतीची खिडकी उघडते, हा जगभरचा रिवाज. साहेबांनी ती कळ तिथल्या तिथे नाकारली. म्हणाले, उद्या लोक दाबतील आणि खरोखरच मदत मागायला येतील. मग त्यांनी विचारलं, आपल्या ऑफिसात सगळ्यांत जास्त दाबली जाणारी कळ कुठली? मामा, मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, कंट्रोल एस. लिहिलेलं सेव्ह करायची. प्रत्येकाचं बोट दर दोन मिनिटांनी तिच्यावर जातंच. साहेब म्हणाले, मग ती माझी. उपसाहेबांनी टाळी वाजवली आणि ठराव मंजूर. कंट्रोल एस दाबलं की पडद्यावर असेल तो मजकूर असेल तसा थेट साहेबांच्या नजरेखाली. मग सेव्ह कशाने करायचं? त्यासाठी कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट आणि एफ बारा अशा चार कळा एकदम. (करून पाहा. एक हात शेजाऱ्याचा घ्यावा लागतो.)

तुम्ही म्हणाल, तू तिथे काय करत होतास? मी प्रोग्रामर आहे मामा, मी हो म्हणत होतो. आणि काम मात्र चोख केलं, तेच नडलं. त्याचं असं असतं, की दाबलेली कळ आधी मोठ्या खिडकीकडे जाते आणि मग आतल्या, जिथे तुम्ही लिहिताय त्या चौकटीकडे. मोठ्या खिडकीने 'मी बघते' म्हटलं की विषय संपला, आतल्या चौकटीला पत्ताच लागत नाही. तुमच्या घरी फोन आला की मामी उचलतात, 'सांगते हं त्यांना' म्हणतात, आणि तुम्हाला त्या माणसाने फोन केला होता हे दोन महिन्यांनी कुणाच्या तरी लग्नात कळतं, अगदी तसंच. मी मोठ्या खिडकीला मामी करून ठेवलं.

सोमवारी प्रोग्राम सुरू झाला. ठराव सगळ्यांनी वाचला होता, सह्याही केल्या होत्या, पण बोटांना कुणी बैठकीला बोलावलं नव्हतं. हिशेबनिसांची एक पद्धत आहे. साहेबांना पत्र लिहायचं तर आधी मनातलं सगळं टाइप करून मोकळं व्हायचं, मग ते पुसून 'आदरपूर्वक कळवतो की' पासून नवं लिहायचं. पुसण्याआधी त्यांनी सवयीने सेव्ह केलं. एचआरच्या बाई एका साध्या पत्राच्या पहिल्याच ओळीशी थांबल्या होत्या, त्यामुळे साहेबांकडे 'आपल्याला कळवण्यास अत्यंत वाईट वाटते की आपण' एवढंच गेलं, आणि सेव्ह झालं नाही असं वाटून बाईंनी पुनःपुन्हा दाबलं, त्यामुळे ते सारखं जात राहिलं. सगळ्यांवर कडी उपसाहेबांची. पुढच्या महिन्यात साहेबांचा सत्कार आहे, त्याचं भाषण ते लिहीत होते. 'साहेबांच्या अंगी असलेले (दोन-तीन गुण टाकणे, कुणाला तरी विचारणे) हे गुण आम्हा सर्वांना परिचित आहेतच.' गेलं.

तेव्हापासून साहेबांच्या केबिनचं दार बंद आहे. चहा आत जातो, कप बाहेर येतो. मधूनच आतून हसण्याचा आवाज येतो, आणि मधूनच येत नाही, ते जास्त वाईट. कुणाला बोलावणं नाही, कुणाला मेमो नाही. सगळं ऑफिस माझ्याकडे असं बघतंय, जणू त्यांच्या मनातलं मीच लिहिलं. दुरुस्ती करायला मला पाच मिनिटं लागतील, पण ठराव बदलायचा तर साहेबांची सही हवी, आणि सही मागायला आत जायची माझी छाती होत नाही. उद्या तेच साहेब माझा कागद समोर घेणार.

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार सांगा, खिडकीचा दाखला सांगू नका.

तुमचा,
अजून तरी नोकरीत असलेला भाचा

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. आज संध्याकाळी साहेबांना एक फोन करा. आधी गोडीत घ्या, पोरगा गुणी आहे वगैरे. नाहीच ऐकलं तर गणिताच्या पेपरचा विषय हळूच काढा. उपसाहेबांच्या कानावर गेलं तर बरं दिसणार नाही, असंही म्हणा. माणूस घाबरट आहे असं तुम्हीच सांगितलंय.

ता. क. दुसरा. फोन करू नका. हे पत्र मी ज्या प्रोग्रामात लिहितोय तो तोच आहे, आणि पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत 'साहेबांकडे रवाना' असं दिसतंय. प्रत्येक परिच्छेद झाला की माझं बोट आपलं जातंच हो. वरचा ता. क. धरून सगळं गेलंय.

ता. क. तिसरा. साहेबांनी बोलावलं होतं. रागावले नाहीत. म्हणाले, एवढी वर्षं माणसं माझ्यासमोर मान डोलवतात, परवापासून मला प्रथमच कळतंय कोण काय म्हणतं ते, तेव्हा कळ आहे तशीच राहू दे. तुमच्याबद्दल म्हणाले, की उतरवायचा तो तुझा मामा, मी नव्हे. ते रविवारी तुमच्याकडे येणार आहेत. तुम्ही मामींच्या देखत तसं कबूल केलंत की चहा पिऊन तिथल्या तिथे माझ्या कागदावर सही करणार आहेत. मामा, तुमच्या पाया पडतो. कबूल करा. मामींना बाहेर पाठवू नका, साक्षीला त्याच हव्यात. शाळा सुटून जन्म लोटला, आता गणित कुणाचं होतं याने काय बिघडतं? तोंडाने हो म्हणा आणि मनात खुशाल हसा. खरं काय ते तुम्हाला आणि मला माहीत आहे, साहेबांना त्यातलं काही कळायचं नाही.

ता. क. चौथा. मामा, बोट पुन्हा गेलं.