अनुपमाची शेवळं

२ जून, सकाळी
इमारतीमागच्या कोपऱ्यात शेवळं आली. जांभळट कोंब, पान एकही नाही. दिंडोशीच्या टेकडीवर जेसीबी चढला तेव्हा अनुपमाने तिथले गड्डे उचलून इथे लावले होते. टेकडीवर आता टॉवर आहे. ती गेल्यानंतरचा हा पहिला सीझन. कोपरा मी बघणार. यात भावनेचा भाग नाही. देशी रानरोप आहे, शास्त्रीय पद्धतीने जपायला हवं.

५ जून
मेहुणी शकु मुलुंडहून काकडं घेऊन आली, शेवळांची खाज मारायला भाजीत घालतात ती आंबट फळं. म्हणाली, भावजी, थोडी शेवळं काढा, ताईसारखी भाजी करते. मी सांगितलं, संरक्षित रोप खात नाहीत. म्हणाली, मग ताई काय त्यांची आरती करायची?
काकडं परत घेऊन गेली.

१२ जून
सेक्रेटरी सुबोधला कोपऱ्यात स्कूटर पार्किंग हवंय. म्हणाला, काका, ऑगस्टमध्ये कमिटी राउंडला येईल, तिथे काही उगवलेलं दिसलं तर ठेवू, नाहीतर पेव्हर ब्लॉक. दिसेलच. बोर्ड रंगवून घेतला: ‘देशी रानवनस्पती. हात लावू नये.’

२८ जून
शेवळं कोमेजून आडवी झाली. पाणी जास्त झालं असावं. काळजीचं कारण नाही. विश्रांती घेत असतील.

९ जुलै
भलतंच तण आलंय. ठिपक्यांचा देठ, वर छत्रीसारखं पान. नेमकं शेवळांच्याच जागी. परदेशी तण आक्रमण करतं म्हणतात, ते हेच. नेटवर बघायची गरज वाटली नाही.

१० जुलै
सगळं उपटलं. खाली गड्डे निघाले, तेही खणून काढले. ओल्या कचऱ्यात. चिवट जात. एक गड्डा कमिटीला दाखवायला ठेवलाय, फ्रिजवर, ‘परकीय तण’ अशी चिठ्ठी लावून. कंबर धरली. हातांना खाज सुटली आहे. विषारीही असणार. अनुपमाला बरं वाटलं असतं.

३ ऑगस्ट
शकु आली. विचारलं, शेवळांची पानं केवढी झाली? म्हटलं, शेवळांना पानं नसतात. म्हणाली, अहो भावजी, आधी फूल, ते गेलं की पान. छत्रीसारखं. ताई दरवर्षी सांगायची, तुम्ही पेपरातून हूं हूं करायचात.
मग तिला फ्रिजवरचा गड्डा दिसला. चिठ्ठी वाचून मोठ्याने हसली. नंतर ओट्याकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. मी चिठ्ठी काढून खिशात ठेवली.

१० ऑगस्ट
कमिटी आली. सुबोध म्हणाला, काका, झकास साफ केलंत, एक काडी शिल्लक नाही! ग्रुपवर माझे आभार मानले. अंगठे बरेच आले. पेव्हर ब्लॉक पुढच्या आठवड्यात. बोर्ड घरी आणला.

१६ ऑगस्ट
उरलेला गड्डा अनुपमाच्या कुंडीत लावला. शकुने फोनवर बजावलं, आता पुढच्या पावसाळ्याच्या तोंडापर्यंत वर काही दिसणार नाही. तुम्ही काही करू नका. म्हणजे काहीच नाही, कळलं ना?
कळलं. बोर्ड कुंडीत रोवला. हात लावायचा नाही, हे नक्की.

१७ ऑगस्ट, सकाळी
माती फक्त जराशी बाजूला करून बघितली.
आहे.